धाव ते टायर : बारामती-इंदापुरातील उसाच्या गाडीच्या चाकाचा इतिहास

१/
स्पोर्ट्‌स कारचे टायर बदलायचे म्हटले की चार प्रश्न पुढे येतात : पकड किती, झीज किती, फिरताना शक्ती किती वाया जाते आणि किंमत काय. हे प्रश्न मोटारीबरोबर आले असा सर्वसाधारण समज आहे. बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत मात्र हीच तुलना कित्येक दशके चालत आली आहे. आणि ज्या वाहनासाठी ती चालली, त्याचा वेग ताशी तीन-चार किलोमीटरच्या पुढे क्वचितच जातो. ही हकिकत उसाच्या बैलगाडीच्या टायरची आहे. (थ्रेड)

२/
आरंभी एक योगायोग. पोर्शे ९११ कॅरेराच्या सध्याच्या पिढीत पुढच्या चाकाचा टायर २३५/४० झेडआर १९ या मापाचा असतो. भारतीय कंपन्या बैलगाडीसाठी जे टायर बनवतात, त्यांतले एक प्रचलित माप ८.००-१९ आहे. दोन्हींतला १९ हा आकडा एकच गोष्ट सांगतो : रिमचा व्यास, १९ इंच. फरक आहे तो रबराच्या उंचीत. पोर्शेच्या टायरची बाजू रुंदीच्या केवळ ४० टक्के उंच. गाडीच्या टायरची बाजू मात्र जवळजवळ रुंदीइतकीच उंच. एकाला वळणावर ताठ राहायचे असते, दुसऱ्याला ढेकळांतून ओझे न्यायचे असते.

३/
हे टायर येण्यापूर्वी चाक लाकडी होते. मधोमध तुंबा, तुंब्यात रोवलेले आरे, आऱ्यांच्या टोकांना लाकडाचा घेर आणि घेरावर लोखंडी पट्टी. या पट्टीला मराठीत ‘धाव’ म्हणतात. चाकाची पहिली ‘टायर’ ती हीच. ती बसवण्याची रीत पाहण्यासारखी होती. लोखंडी कडे चाकापेक्षा किंचित लहान ठेवायचे, गोवऱ्यांच्या जाळात लाल करायचे, प्रसरण पावले की चाकावर चढवायचे आणि लगेच पाणी ओतायचे. थंड होताना कडे आकसते आणि सारे सांधे आवळून घेते. सुताराचे लाकूड आणि लोहाराचे लोखंड त्या एका क्षणी एक होई.

४/
धावेचे गुण मोठे होते. तिला काटा टोचत नाही, तिच्यातली हवा जात नाही, ती गावातच दुरुस्त होते. चाकही चांगले चार-साडेचार फूट उंच असे. चाक जितके मोठे, तितके ते खाचखळग्यावरून सहज जाते. म्हणून जुन्या गाडीवानाला उंच चाकाचे महत्त्व पुस्तकाशिवाय ठाऊक होते.
दोषही तितकाच मोठा. सारे ओझे दोन बोटे रुंदीच्या पट्टीवर येई. मुरमाच्या किंवा काळ्या मातीच्या वाटेत ती पट्टी सुरीसारखी उतरे. पुढची गाडी त्याच खाचेतून जाई आणि खाच आणखी खोल होई. त्या खाचेलाच ‘चाकोरी’ म्हणतात. ‘चाकोरीबाहेरचा विचार’ असे सहज म्हटले जाते, तेव्हा बोलणाऱ्याच्या तोंडी लोखंडी धावेचाच माग असतो.

५/
आता प्रदेशाकडे. बारामती-इंदापूर हा पर्जन्यछायेचा पट्टा. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतर सरकारने या भागात पाण्याच्या कामांना गती दिली. भाटघरचे धरण आणि नीरा डावा कालवा ही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतली कामे. विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी नीरा कालव्यावर पाणीवाटपाची ‘ब्लॉक’ पद्धत सुचवली. पुढे १९२८ मध्ये भाटघरला लॉइड धरण पुरे झाले. ज्वारी-बाजरीच्या शिवारात ऊस स्थिरावला तो या पाण्यावर.

६/
आरंभी उसाचा गूळ होई. गुऱ्हाळ शेताजवळ असल्याने ऊस फार लांब न्यावा लागत नसे. गाडीतून जाई तो तयार गूळ, म्हणजे कमी वजनाचा आणि न नासणारा माल.
१९३२ मध्ये साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला आणि देशभर कारखाने उभे राहू लागले. इंदापूर तालुक्यातील कळंब येथे वालचंद हिराचंद यांनी याच सुमारास साखर कारखाना काढला. ते ठिकाण पुढे वालचंदनगर म्हणून प्रसिद्ध झाले. यामुळे वाहतुकीचे गणितच पालटले : आता गूळ नव्हे, अख्खा ऊस न्यायचा होता.

७/
उसाच्या वजनात बहुतांश पाणी असते. एक क्विंटल साखरेसाठी साधारण दहा क्विंटल ऊस गव्हाणीपर्यंत पोहोचवावा लागतो. शिवाय तोडलेला ऊस थांबत नाही. त्यातील साखरेचे विघटन सुरू होते आणि तासागणिक उतारा घटतो. म्हणून तोडीनंतर शक्यतो चोवीस तासांत गाळप व्हावे, असा दंडक. ओझे दसपट आणि वेळ मोजकी : धावेच्या चाकाला ही परीक्षा अवघड होती.

८/
टायरचा जन्म मात्र दूर, निराळ्याच कारणाने झाला. स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन याने १८४५ मध्ये हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले. रबर महाग, रस्त्यावर गाड्या घोड्यांच्या. कल्पना विस्मरणात गेली. १८८८ मध्ये बेलफास्टमधील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तीच कल्पना स्वतंत्रपणे पुन्हा शोधली. थॉमसनच्या आधीच्या पेटंटमुळे डनलॉपचे मूळ पेटंट पुढे टिकले नाही. नाव मात्र त्याचेच टिकले. जनावरांचे दुखणे पाहणाऱ्या माणसाचे नाव पुढे भारतात बैलांच्या गाडीला चिकटावे, हाही इतिहासाचा एक खेळ. उत्तर भारतात रबरी चाकांच्या गाडीला आजही ‘डनलप’ म्हणतात.

९/
या चाकाची पहिली जाहीर तुलना शर्यतीत झाली. १८८९ च्या मे महिन्यात बेलफास्टमध्ये विली ह्यूम हवेच्या टायरची सायकल घेऊन उतरला. भरीव रबराच्या चाकांवर बसलेल्या स्पर्धकांना त्याने मागे टाकले. पराभूतांत ड्यू क्रॉस घराण्यातील तरुण होते. त्यांच्या वडिलांनी लवकरच डनलॉपच्या धंद्यात भांडवल घातले. १८९५ मध्ये मिशेलिन बंधूंनी पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत हवेच्या टायरची मोटार उतरवली. वाटेत पंक्चर इतकी झाली की शर्यत हातची गेली, पण टायर मोटारीला लागला तो कायमचा. ‘परफॉर्मन्स टायर’ ही कल्पना अशी टायरच्या जन्मापासूनच आहे.

१०/
भारतात हवेच्या टायरचा विचार वेगासाठी नव्हे, रस्त्यासाठी झाला. १९२७ मध्ये सरकारने रस्ते विकास समिती नेमली. अध्यक्ष होते मुकुंद रामराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. या समितीच्या शिफारशींतून १९२९ मध्ये मध्यवर्ती रस्ते निधी आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. रस्ते बांधणाऱ्या अभियंत्यांपुढे एक जुनी अडचण होती : मोटारींसाठी केलेला रस्ता बैलगाडीची धाव कापून काढी. गाड्या लाखोंनी, आणि त्या बंद करणे अशक्य. उपाय दोनच : रस्ता लोखंडासारखा टणक करा किंवा चाक मऊ करा.

११/
चाक मऊ करण्यात टायर कंपन्यांचा उघड लाभ होता. १९३० च्या दशकात डनलॉपने हिंदुस्थानात बैलगाडीच्या हवेच्या टायरचा पुरस्कार आरंभला. १९३६ मध्ये तिचा कारखाना बंगालमध्ये साहागंज येथे सुरू झाला. थोड्याच काळात अमेरिकन फायरस्टोनने मुंबईत शिवडीला कारखाना काढला.
वालचंद हिराचंद यांचे नाव येथे पुन्हा येते. ज्यांच्या कळंबच्या कारखान्यापुढे उसाच्या गाड्या रांगा लावीत, त्यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याहून मोटारी निघू लागल्या. बैलगाडी आणि मोटार ही दोन युगे आहेत असे वाटते. एका उद्योगपतीच्या हिशेबवहीत ती शेजारच्या पानांवर होती.

१२/
मग युद्ध आले. १९४२ च्या पहिल्या काही महिन्यांत जपानने मलाया, सिंगापूर आणि जावा घेतले. जगातील नैसर्गिक रबराचा बहुतांश पुरवठा त्याच भागातून होई. सर्वत्र टायरवर नियंत्रण आले; हिंदुस्थानातही टायर लष्कराला आधी आणि इतरांना उरला तर, अशी स्थिती झाली. शेतकऱ्याला मिळणारा टायर पुढे बराच काळ नव्यापेक्षा जुनाच असण्याचे एक मूळ या टंचाईत आहे. धाव मात्र युद्धातही गावच्या भट्टीत तयार होत राहिली.

१३/
स्वातंत्र्यानंतर सहकाराचे युग आले. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम सुरू झाला. त्याच दशकात इंदापूर तालुक्यात भवानीनगरचा छत्रपती आणि बारामती तालुक्यात माळेगावचा कारखाना उभा राहिला. साठच्या दशकात सोमेश्वरनगरची भर पडली. १९५८ मध्ये सिएटचा मुंबईत उदय झाला, आणि मद्रास रबर फॅक्टरीने १९५२ पासून जुन्या टायरवर चढवायचे रबर विकायला आरंभ केला होता. कारखाने वाढले, ऊस वाढला, रबर मिळू लागले. धावेच्या गाडीशेजारी टायरगाडी उभी राहिली.

१४/
आता प्रत्यक्ष तुलना. पहिला प्रश्न : फिरताना शक्ती किती जाते? गुळगुळीत, टणक पृष्ठभागावर लोखंडी चाक रबरापेक्षा सरस ठरते. रेल्वे त्यावरच चालते. रबर प्रत्येक फेऱ्यात दबते, पुन्हा फुलते आणि त्या दबण्या-फुलण्यात काही शक्ती उष्णता होऊन जाते. पण उसाचा फड टणक नसतो. पाणी दिलेल्या जमिनीत धाव रुतते आणि चाक सतत स्वतःच केलेल्या खाचेतून वर चढत राहते. हवेचा टायर ओझे पसरवतो, रुतत नाही. चाक लहान असूनही त्याला उंचीची उणीव भासत नाही, कारण खड्ड्याचा धक्का हवा झेलते. गाडी ठेंगणी झाल्याने उसाच्या मोळ्या चढवणेही सोपे होते.

१५/
दुसरा प्रश्न पकडीचा, आणि येथेच बैलगाडी स्पोर्ट्‌स कारपासून पूर्ण वेगळी होते. मोटारीत इंजिनची ओढ, ब्रेकचा रोध आणि वळणाचा ताण हे तिन्ही टायरमधूनच रस्त्याला पोहोचतात. म्हणून महाग टायरचे रबर मऊ असते. ते पकडते आणि लवकर झिजतेही. बैलगाडीचे चाक ओढत नाही, ते फक्त फिरते. ओढतो बैल. या वाहनाची पकड टायरमध्ये नसून खुरात आहे. डांबरी सडकेवर खूर घसरू नये आणि झिजू नये म्हणून त्याला पत्री मारतात. ‘परफॉर्मन्स टायर’ म्हणायचाच, तर बैलगाडीत तो मान पत्रीचा.

१६/
यातून तिसऱ्या प्रश्नाचे, झिजेचे उत्तर मिळते. पकड नको असेल तर नक्षीही नको. उलट नक्षी झिजलेल्या टायरमध्ये दबणारे रबर कमी, म्हणून तो थोडा हलकाच फिरतो. ट्रकवाल्याने टाकून दिलेला गुळगुळीत टायर टायरगाडीला चालतो, तो केवळ गरिबीमुळे नव्हे. त्या कामाला तो खरोखर जुळतो. जाड बाजूंचा ट्रकचा टायर ओझ्यालाही खमका. त्याच्या जोडीला रिमोल्ड, म्हणजे जुन्या सांगाड्यावर नवे रबर चढवलेला टायर, आणि सर्वांत महाग तो खास बैलगाडीसाठी केलेला नवा.
या भागात झिजेपेक्षा मोठा शत्रू बाभळीचा काटा. पंक्चर झालेली भरली गाडी बांधावरच उभी राहते आणि ऊस वाळत राहतो. धावेला हे भय कधीच नव्हते.

१७/
ही तुलना कायद्याच्या पुस्तकातही आहे, हे फारसे ठाऊक नसते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली १९६५ मध्ये ओढकाम करणाऱ्या जनावरांसाठी नियम झाले. त्यात दोनचाकी गाडीचे कमाल ओझे चाकाच्या प्रकारावरून ठरवले आहे. २०० ते ३५० किलो वजनाच्या मध्यम बैलासाठी : हवेचे टायर नसतील तर ७०० किलो, हवेचे टायर असतील तर १,०५० किलो, बॉल बेअरिंग असतील तर १,४०० किलो. दोन बैल असतील तर दुप्पट. रबराने दीडपट, बेअरिंगने दुप्पट. साऱ्यांचे लक्ष टायरकडे असताना नियमाने सर्वांत मोठा मान तुंब्यातील पोलादी गोळ्यांना दिला.

१८/
त्याच नियमांत वेळेचेही बंधन आहे : दिवसात नऊ तासांहून अधिक काम नाही, सलग पाच तासांहून अधिक नाही, आणि पारा ३७ अंशांच्या वर जाणाऱ्या भागात दुपारी बारा ते तीन मुळीच नाही. थोडक्यात, टायरने जी सवलत मिळाली तिची वाटणी कशी व्हावी, हे राज्यसंस्थेने कागदावर लिहून ठेवले. काही भाग मालाला, काही भाग जनावराला.
प्रत्यक्षातील वाटणी वेगळी झाली.

१९/
ती समजण्यासाठी गाडीवर बसलेल्या माणसांकडे पाहावे लागते. दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या दुष्काळी भागांतून ऊसतोड कुटुंबे कारखान्यांवर येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादम हंगामापूर्वी ‘उचल’ देतो. ती तोडीतून आणि वाहतुकीतून फेडायची. डोक्यावर मोळ्या वाहून ट्रकमध्ये भरणारे ते ‘डोकी सेंटर’. बैल आणणारे ते ‘गाडी सेंटर’. अनेकांकडे बैल स्वतःचे, पण टायरगाडी कारखान्याची, भाड्याने घेतलेली.

२०/
मजुरी टनावर असते. खेप मोजकी, उचल मोठी. हलक्या फिरणाऱ्या चाकाने बैलाचा भार कमी करायचा की त्याच श्रमात टन वाढवायचे, हा निर्णय कर्जाने आधीच घेतलेला असतो. मध्यम बैलजोडीला टायरवर २,१०० किलोंची मर्यादा. त्याहून जास्त ओझे ही दर हंगामातील नेहमीची तक्रार. टायरने वाचवलेली शक्ती अशी वजनकाट्यावर जमा झाली. त्यातून कुटुंबाची उचल थोडी लवकर फिटली, कारखान्याची गव्हाण भरलेली राहिली. बैलाच्या खांद्यावरचे जू मात्र हलके झाले नाही. वाढ्यांचा चारा भरपूर मिळतो, एवढीच त्याची वाटणी.

२१/
सहज फिरणे हा गुण उतारावर दोष होतो. धावेची गाडी उतारावर स्वतःच्या घर्षणाने काहीशी आवरली जाई. टायरगाडी घरंगळते, आणि तिला मोटारीसारखा ब्रेक नसेल तर सारे ओझे पाठीमागून जुवावर येते. बैलांनी ते मानेने आणि खुरांनी थोपवायचे. कालव्यांच्या पुलांवरचे चढ-उतार या तालुक्यांत पावलोपावली. शिवाय रबरी चाक निःशब्द. रात्रीच्या अंधारात बारामती-इंदापूर रस्त्यावर मागून येणाऱ्या वाहनाला गाडी दिसली नाही तर ऐकूही येत नाही. हंगामाच्या तोंडी गाड्यांना लाल रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा निघतात, त्या यासाठीच.

२२/
आणखी एक हिशेब गावाच्या आत झाला. धावेचे चाक सुतार आणि लोहार यांचे होते. बाभळीचे लाकूड शिवारातले, मोबदला बराचसा बलुत्याचा. टायरगाडीचा लोखंडी सांगाडा वेल्डिंगच्या दुकानात तयार होतो, टायर बाहेरून येतो, पंक्चर रोख पैशाने निघते. चाक बदलले तेव्हा चाकामागचे पैशाचे माग बदलले. तापलेले कडे चाकावर चढवून त्यावर पाणी ओतण्याचे काम ज्यांच्या हातात होते, त्यांच्या नातवंडांतील काहींना तो क्षण केवळ ऐकून माहीत आहे.

२३/
आज टायरगाडीही मागे सरते आहे. ट्रॅक्टर, त्यामागे जोडलेल्या गाड्यांची ‘अंगद’ वाहतूक आणि ऊसतोडणी यंत्रे यांनी तिची जागा घेण्यास आरंभ केला आहे. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओच्या तीनचाकी रिक्षा बनतात, आणि २०१२ पासून व्हेस्पा स्कूटरही. तरीही कारखान्यापासून जवळच्या फडांत, जिथे ओल्या सरीतून ट्रॅक्टर जात नाही, तिथे बैलजोडी अजून उभी दिसते.

२४/
पुढच्या हंगामात भवानीनगर किंवा माळेगावच्या रस्त्यावर गाड्यांची रांग दिसली, तर इतिहासाच्या अभ्यासकाने तीन गोष्टी पाहाव्यात. टायरच्या बाजूवरचे माप : १९ इंची असेल तर तो बैलगाडीसाठीच घडवलेला असण्याचा संभव मोठा, २० इंची असेल तर त्याचे पहिले आयुष्य ट्रकखाली गेलेले असणार. मग तुंबा : त्यात बेअरिंग आहे का. आणि शेवटी बैलाचा खांदा. पहिल्या दोन गोष्टी चाकाची प्रगती सांगतात. ती कोणाच्या वाट्याला आली, हे तिसरी सांगते.